शेवटी ‘द’ पेरू नका: इंग्रजी आर्टिकल्सच्या या चुका टाळा

आधी सगळा इंग्रजी मजकूर आर्टिकलशिवाय लिहून काढायचा, मग एक फेरी मारून जिथे मोकळं मोकळं वाटेल तिथे ‘द’ टाकत जायचं. ही पद्धत मी इतक्या जणांची पाहिली आहे की आता पहिल्या पानावरच ती ओळखू येते. पहिल्या दोन परिच्छेदांत ‘द’ची दाटी असते, कारण तेव्हा डोळे ताजे असतात. मग ते विरळ होत जातात आणि शेवटच्या पानावर नामं उघडीच उभी असतात.

मी मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते आणि इतरांची तपासते. तपासताना सगळ्यात जास्त लाल शाई खर्च होते ती ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ या तीन इवल्या शब्दांवर. क्रियापदाचा काळ चुकला की लिहिणारा ओशाळतो आणि दुरुस्ती लक्षात ठेवतो. आर्टिकल चुकलं की म्हणतो, ‘तेवढं काय, अर्थ तर कळतोय!’ तो कळत नाही, हेच मला सांगायचं आहे. ‘मी कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय हे तुला माहीत आहे’ किंवा ‘अजून माहीत नाही, आणि नसलं तरी चालेल’ असा वाचणाऱ्याला केलेला इशारा म्हणजे आर्टिकल. इशारा चुकला की वाचणारा भलतीच वस्तू शोधायला लागतो.

‘मराठीत आर्टिकल नाहीत, म्हणून जमत नाही’

ही सबब मी ऐकून घेत नाही. मराठीत तसे शब्द नाहीत हे खरं, पण ते काम मराठीत रोज होतं. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही वाक्यं आपण एकमेकांच्या जागी वापरत नाही. पहिल्यात पुस्तक आत्ता कळतंय. दुसऱ्यात ते आधीपासून बोलण्यात आहे, फक्त जागा सांगायची आहे. इंग्रजीत पहिलं होईल ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’ आणि दुसरं ‘द बुक इज ऑन द टेबल’. जे काम तिथे आर्टिकल करतं, ते आपल्याकडे शब्दांच्या क्रमाने झालं.

आपला ‘ला’ प्रत्ययही हेच काम करतो. ‘डॉक्टर बोलवा’ म्हणजे कुणीही डॉक्टर चालेल: ‘कॉल अ डॉक्टर’. ‘डॉक्टरांना बोलवा’ म्हटलं की ते डॉक्टर ठरलेले आहेत: ‘कॉल द डॉक्टर’. ‘ती नवरा शोधतेय’ आणि ‘ती नवऱ्याला शोधतेय’ यातला फरक तर समजावूनही सांगावा लागत नाही. आणि ‘एक होता राजा’ अशी गोष्ट सुरू केली की पुढच्या वाक्यात ‘त्या राजाला’ येतंच. हा ‘एक’ म्हणजे इंग्रजीतला ‘अ’, आणि ‘त्या’ म्हणजे ‘द’. इतिहासातही असंच घडलं आहे. ‘ॲन’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दाचा झिजलेला अवतार आहे, ‘अ’ हा त्याहून झिजलेला, आणि ‘द’ आला ‘तो, ती, ते’ या दर्शकांमधून.

म्हणून माझी सवय अशी आहे: इंग्रजी वाक्य अडलं की मी ते मनात मराठीत म्हणते आणि नामाच्या आधी ‘कुठला तरी एक’ बसतंय की ‘तो, तोच’ बसतंय ते ऐकते. नव्वद टक्के जागा इथेच सुटतात असं मी सांगणार नाही, मोजलेलं नाही. पण कोष्टक पाठ करणाऱ्यांपेक्षा अशा कानावर विसंबणाऱ्यांच्या मजकुरात मला लाल शाई कमी लागते.

‘पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द’ हे सूत्र

या सूत्रावर माझा राग आहे, आणि त्याला कारण आहे.

एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं इंग्रजी भाषांतर आमच्याकडे होतं. पंप, नळ्या आणि त्यांवर चार व्हॉल्व. मूळ मराठी वाक्य साधं होतं: ‘चाचणीपूर्वी व्हॉल्व बंद करावा.’ भाषांतर करणारा मुलगा नवीन होता, हुशार होता आणि त्याला घाई होती. त्याने लिहिलं, ‘क्लोज अ व्हॉल्व बिफोर द टेस्ट’. मुदत संपत आली होती. मी ते पान भराभर वाचलं आणि सही केली. मजकूर छापून गेला.

मराठी वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात बायपासचा, म्हणजे प्रवाह बाजूने वळवणाऱ्या नळीवरचा, व्हॉल्व होता. मागच्या पानावरच्या आकृतीत तो दाखवलेला होता, तिथे त्याचं नावही होतं, त्यामुळे मूळ पुस्तिका ओळीने वाचणाऱ्याला शंका आली नसती. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र ‘अ व्हॉल्व’ने स्पष्ट सांगितलं की चारांपैकी कुठलाही एक बंद करा. यंत्राची चाचणी घेणाऱ्या तंत्रज्ञांनी हाताशी होता तो बंद केला. बायपास उघडाच राहिला आणि दाब काही चढेना. दोन दिवस ती माणसं गळती शोधत होती, सील बदलत होती, आणि यंत्रात काहीही बिघडलेलं नव्हतं. शेवटी दूरध्वनीवरून कुणीतरी विचारलं, ‘नक्की कोणता व्हॉल्व?’ तेव्हा उलगडा झाला.

मी त्या मुलाला विचारलं, इथे ‘अ’ का लिहिलास? तो म्हणाला, या पानावर हा शब्द पहिल्यांदाच आलाय. म्हणजे त्याने सूत्र पाळलं होतं, अगदी प्रामाणिकपणे. चूक सूत्राची होती, आणि तपासणीची सही माझी होती. ते दोन दिवस मला अजून टोचतात.

शब्द कितव्यांदा आला हा प्रश्नच नाही. वाचणाऱ्याला ती वस्तू ओळखता येते का, हा प्रश्न आहे. ‘क्लोज द डोअर’ म्हणताना दाराचा आधी उल्लेख कुठे झालेला असतो? खोलीला एकच दार आहे, ते समोर दिसतंय, संपलं. ‘आय बॉट अ बायसिकल. द चेन वॉज लूज.’ इथे चेन पहिल्यांदाच आली, तरी ‘द’, कारण सायकल म्हटली की तिची चेन आलीच. ‘अ चेन’ लिहिलं तर ती कुठली तरी भलतीच साखळी होते. उलटही होतं. ‘शी हॅज अ डॉग. आय ऑल्सो वॉन्ट अ डॉग.’ दुसऱ्यांदा आलेल्या कुत्र्याला ‘द’ लावलात तर तुम्ही तिचंच कुत्रं मागताय.

त्या दिवसापासून मी सूचनांचा मजकूर तपासताना प्रत्येक ‘अ’पाशी थांबते आणि ‘कुठलाही चालेल का?’ असं स्वतःला विचारते. उत्तर ‘नाही’ असेल तर तिथे ‘द’ हवा. आणि तरीही ‘कोणता?’ हा प्रश्न उरत असेल तर नुसता ‘द’ पुरत नाही, वस्तूचं पूर्ण नाव लिहावं लागतं: ‘द बायपास व्हॉल्व’. नवशिक्यांना हे लांबण वाटतं. लांबण असू दे.

नोकरीच्या अर्जांत याच चुकीचं दुसरं रूप दिसतं. ‘आय वॉज द मेंबर ऑफ द कमिटी’ असं लिहिलं की समितीत एकच सभासद होता असा अर्थ होतो. अनेकांपैकी एक असाल तर ‘अ मेंबर’. अध्यक्ष एकच असतो, तिथे ‘द चेअरपर्सन’ चालेल. आणि ‘आय ॲम इंजिनिअर’ हे मराठी वाक्य इंग्रजी शब्दांत लिहिलेलं आहे. ‘मी इंजिनिअर आहे’ला मराठीत काही लागत नाही, इंग्रजीत ‘ॲन इंजिनिअर’ लागतंच.

अक्षर बघून ‘ॲन’ लावणं

‘ए, ई, आय, ओ, यू दिसलं की ॲन’ हा दुसरा आखूड रस्ता. तो शिकवणाऱ्यांनी मुलांचं जितकं नुकसान केलंय तितकं कुणी केलं नसेल. इंग्रजी वाचताना अक्षर आणि उच्चार यांची फारकत होते हे सगळ्यांना माहीत असतं, तरी इथे मात्र सगळे अक्षरावर विश्वास ठेवतात. नियम उच्चाराचा आहे. पुढच्या शब्दाचा पहिला आवाज स्वराचा असेल तर ‘ॲन’, व्यंजनाचा असेल तर ‘अ’.

यावर मराठी माणसाकडे असा इलाज आहे जो इंग्रजाकडे नाही. शब्द देवनागरीत लिहा. आपली लिपी उच्चार लिहिते, त्यामुळे पहिलं अक्षर पाहिलं की निकाल लागतो. ‘युनिव्हर्सिटी’ लिहिलंत, समोर ‘य’ आला, व्यंजन, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘युरोपियन’, ‘युनिफॉर्म’, ‘यू-टर्न’ यांचंही तेच. ‘वन-वे स्ट्रीट’मध्ये ‘व’ आहे: ‘अ वन-वे स्ट्रीट’. ‘अवर’, ‘ऑनेस्ट’, ‘एअर’ म्हणजे वारस, या सगळ्यांत इंग्रजी लेखनातला ‘एच’ मुका आहे आणि देवनागरीत तो उरतच नाही: ‘ॲन अवर’, ‘ॲन ऑनेस्ट मॅन’, ‘ॲन एअर’. ‘हॉटेल’मध्ये ‘ह’ शाबूत आहे, तिथे ‘अ’.

लघुरूपांवर तर हा उपाय रामबाण आहे. एमबीए, एफआयआर, एनजीओ, एक्स-रे, एलईडी सगळे ‘ए’ने सुरू होतात, म्हणून ‘ॲन’. ‘ॲन एसएमएस’, पण ‘अ सिम’, कारण सिम आपण सलग शब्दासारखं उच्चारतो. आकड्यांचंही असंच. ८, ११, १८ आणि ८० यांना ‘ॲन’, कारण ‘एट’, ‘इलेव्हन’, ‘एटीन’, ‘एटी’.

इथे दोन खड्डे आहेत. आपल्याकडे बरेच जण ‘एल’ला ‘यल’ आणि ‘एम’ला ‘यम’ म्हणतात. तसा उच्चार कानात बसला असेल तर ‘अ एमए’ बरोबर वाटू लागतं. आधी उच्चार दुरुस्त करा. दुसरा खड्डा वर्षाचा. वर्ष या अर्थाचा शब्द आपण ‘इयर’ म्हणतो आणि कानासाठीही ‘इयर’च म्हणतो. इंग्रजीत वर्षाच्या सुरुवातीला स्पष्ट ‘य’ आहे. वर्ष ‘अ’ घेतं, कान ‘ॲन’ घेतो.

आणखी एक गोष्ट: बघायचं ते लगतच्या शब्दाकडे, नामाकडे नाही. ‘ॲन अंब्रेला’, पण ‘अ ब्लॅक अंब्रेला’. ‘अ बुक’, पण ‘ॲन ओल्ड बुक’. विशेषण मागाहून घुसवलं की आर्टिकल पुन्हा तपासायचं राहून जातं. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात ‘ॲन’ची निम्मीअधिक चूक या घुसवाघुसवीतूनच येते असा माझा अनुभव आहे.

हा ‘न’ इतका निसरडा आहे की खुद्द इंग्रजांचीही त्यात गफलत झाली. आजचा ‘अंपायर’ पूर्वी ‘न’ने सुरू होत असे, ‘ॲप्रन’ही. ‘अ नॅप्रन’ बोलता बोलता ‘ॲन ॲप्रन’ झालं आणि तेच टिकलं. ‘निकनेम’मध्ये उलटं घडलं: तिथला ‘न’ मूळ शब्दाचा नव्हे, आधीच्या ‘ॲन’चा आहे.

‘द नेचर इज ब्युटिफुल’

निबंधांमधली ही लाडकी चूक. निसर्ग, समाज, आयुष्य, प्रेम, शिक्षण यांच्याबद्दल एकूणात बोलताना ‘द’ लागत नाही: ‘नेचर’, ‘सोसायटी’, ‘लाइफ’. मी मराठी शब्दाआधी ‘एकूणच’ लावून बघते. ‘एकूणच आयुष्य कठीण असतं’ हे पटतं, म्हणून ‘लाइफ इज हार्ड’. ‘एकूणच त्या सैनिकाचं आयुष्य’ असं आपण म्हणत नाही. तिथे आयुष्य एका माणसापुरतं आहे, म्हणून ‘द लाइफ ऑफ दॅट सोल्जर’. मात्र ‘अमूर्त नामाला द कधीच नाही’ असं पाठ करून बसू नका, नाहीतर ‘द म्युझिक वी हर्ड’मधलाही ‘द’ खोडून टाकाल.

माणूस या अर्थाचा ‘मॅन’ इथे विशेष त्रास देतो. आर्टिकलशिवाय तो जुन्या वळणाच्या इंग्रजीत अवघी मानवजात होतो. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले, तेव्हाच्या त्यांच्या प्रसिद्ध वाक्यात ‘फॉर मॅन’ ऐकू येतं. त्यांना म्हणायचं होतं ‘फॉर अ मॅन’, म्हणजे एका माणसाचं लहानसं पाऊल आणि मानवजातीची मोठी झेप. तो ‘अ’ गळला तर दोन्हीकडे मानवजातच उरते आणि वाक्यातला विरोध नाहीसा होतो. तो ‘अ’ बोलला गेला होता का, यासाठी ध्वनिमुद्रणाची चिकित्सा नंतर अनेक वर्षं चालली.

अनेकवचनातला ‘द’ म्हणजे सगळे

‘स्टुडंट्स फेल्ड’ म्हणजे काही विद्यार्थी नापास झाले. ‘द स्टुडंट्स फेल्ड’ म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलतोय ते सगळे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव २४२ हा २२ नोव्हेंबर १९६७ रोजी मंजूर झाला. त्याच्या इंग्रजी मजकुरात इस्रायलच्या सैन्याने युद्धात व्यापलेल्या ‘टेरिटरीज’मधून, म्हणजे प्रदेशांमधून, माघार घ्यावी असं आहे, ‘द टेरिटरीज’ नाही. फ्रेंच मजकुरातला शब्द मात्र ‘द’सह वाचता येतो. व्यापलेल्या सगळ्या प्रदेशांतून की काही प्रदेशांतून, हा वाद तेव्हापासून चालू आहे. एवढ्याशा शब्दाने काय होतं असं विचारणाऱ्यांना मी हा ठराव वाचायला देते.

भराभर सांगण्यासारखं

‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘होमवर्क’ यांना ‘ॲन’ किंवा ‘अ’ लावू नका. एकच सल्ला असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’.

‘माय’, ‘युवर’, ‘धिस’ आले की आर्टिकल गेलं. ‘द माय बुक’ असं काही नसतं.

‘फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे मित्र जवळजवळ नाहीतच. ‘अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे चार मित्र आहेत. आभाराच्या पत्रात हा ‘अ’ विसरू नका.

‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’ तसंच राहू द्या. खेळाला काही नको, वाद्याला ‘द’ चालतो: ‘प्ले क्रिकेट’, ‘प्ले द गिटार’.

नद्या, समुद्र आणि पर्वतरांगा ‘द’ घेतात, एकटं शिखर सहसा घेत नाही: ‘द नाईल’, ‘द आल्प्स’, पण ‘माउंट एव्हरेस्ट’. देशांना सहसा नको, पण ‘द नेदरलँड्स’, ‘द फिलिपिन्स’, ‘द युनायटेड स्टेट्स’ यांना हवा. १९९१ मध्ये युक्रेन स्वतंत्र झाल्यावर त्याच्या नावाआधीचा ‘द’ हळूहळू मागे पडला. आता तो लिहू नका, तिथल्या लोकांना खुपतो.

‘गो टू स्कूल’ म्हणजे शिकायला जाणं. पालक भेटायला गेले तर ‘टू द स्कूल’. रुग्ण म्हणून दाखल असणाऱ्याला ब्रिटिश ‘इन हॉस्पिटल’ म्हणतात, अमेरिकी ‘इन द हॉस्पिटल’. दोन्ही बरोबर, पण एका मजकुरात एकच ठेवा.

मोठ्याने वाचताना स्वराआधीचा ‘द’ हा ‘दि’ होतो. लेखनात काही बदलत नाही.

सॉफ्टवेअरवर सोडून देणं

तपासणीचं सॉफ्टवेअर वापरू नका असं मी म्हणत नाही. ‘अ अवर’ ते लगेच पकडतं. पण ‘क्लोज अ व्हॉल्व’खाली ते रेघ मारणार नाही, कारण व्याकरणाने ते वाक्य निर्दोष आहे. चार व्हॉल्वपैकी तुमच्या मनात कोणता आहे, हे त्याला कुठून कळणार? घाई असलेले लोक रेघ नाही म्हणजे चूक नाही असं धरून चालतात आणि मजकूर पाठवून देतात.

मी शेवटचं वाचन वेगळं करते. वाक्यं वाचत नाही, फक्त नामांवर पेन्सिल टेकवत जाते. प्रत्येक नामापाशी ‘कोणता?’ असं विचारते आणि उत्तर माझ्या डोक्यात आहे की कागदावर आहे ते पाहते. डोक्यातच असेल तर आर्टिकलला हात लावण्याआधी वाक्यच बदलते. एका पानाला पाच-सात मिनिटं लागतात. दहा पानांचा मजकूर असेल तर हे काम एका बैठकीत करू नये, सहाव्या पानानंतर पेन्सिल नुसतीच पुढे सरकत राहते.